माझं सोल्युशन आणि बाळासाहेबांचे झिंगे

आमच्या धंद्याला धड नाव नाही. प्लंबर म्हणावं तर प्लंबर हसतात, कारण मी नळ बसवत नाही, मोऱ्या काढत नाही, बाथरूमच्या फरशीला हात लावत नाही. मी फक्त टाक्या बघतो. फुटलेली टाकी जोडायची, सुट्या टाक्या एकमेकींना जोडायच्या आणि पाणी जिथं जायला हवं तिथं नेऊन सोडायचं, एवढंच काम. भोसरीपासून चाकणपर्यंत लोक मला 'टाकीवाले मामा' म्हणून ओळखतात. बायको म्हणते, आयुष्य दुसऱ्यांच्या टाक्या धरण्यात गेलं आणि आपल्या टाकीला गेल्या दिवाळीपासून झाकण नाही. तिचं खरं आहे. झाकण आणून ठेवलंय, बसवायचं राहिलंय.

बाहेरच्या माणसाला वाटतं, टाकीला चीर पडली की वरून काहीतरी चोपडायचं आणि विषय संपला. लोक आधी तेच करतात. लांबी भरतात, चिकटपट्टी लावतात, एका गृहस्थांनी तर मेण ओतलं होतं. प्लास्टिकची टाकी मोठी मानी असते. तिला परकं काही चिकटत नाही. तिच्यावर तिच्याच जातीच्या प्लास्टिकचं ठिगळ लागतं. म्हणून मी भंगारातल्या टाक्यांचे तुकडे जपून ठेवतो. गरम हवेच्या गननं टाकी आणि तुकडा दोन्ही मऊ करायचे, वरून प्लास्टिकची कांडी वितळवत शिवण घालायची. जमलं तर टाकी फुटते, पण शिवण उसवत नाही. नाही जमलं तर टाकीला भोक पडतं आणि गिऱ्हाईक तुमच्याकडे असं बघतं, की वाटतं त्याच भोकातून आत जाऊन बसावं.

मी मूळचा धाराशिवकडचा. एका कंपनीत पाइपलाइनच्या खात्यात होतो. कंपनीनं गाशा गुंडाळला आणि माझ्या हातात ती गन राहिली. पुढची कहाणी सांगत बसत नाही, प्रत्येकाकडे तसली एक असते. मला सांगायचंय ते मासेवाल्यांबद्दल.

माणसं घरात मासे पाळतात हे मला माहीत होतं. हॉलमध्ये काचेची पेटी, तिच्यात चार सोनेरी मासे आणि एक प्लास्टिकचा पाणबुड्या, इतपत. पण संत तुकाराम नगरात एका सरांनी टाकी जोडायला बोलावलं आणि दारातच ओठांवर बोट ठेवलं. "मामा, हळू. अंडी घातलीत." मला वाटलं कोंबडी असेल. आत बघतो तर बेडरूममध्ये पलंग नाही, जमिनीपासून छतापर्यंत काचेच्या पेट्याच पेट्या. नवरा-बायको हॉलमध्ये गादी घालून झोपतात आणि मासे बेडरूममध्ये. ह्याला 'फिशरूम' म्हणतात, हे त्या दिवशी कळलं. त्या घरात मी ड्रिल मशीन रजईत गुंडाळून चालवलं, आवाज होऊ नये म्हणून.

ह्या लोकांना पाणी शिळं लागतं. आपण सकाळी उठून शिळं पाणी ओततो आणि ताजं भरतो, ह्यांचं उलटं. नळाच्या पाण्यात जंतू मारायचं औषध असतं, ते माशांना बाधतं. म्हणून पाणी टाकीत भरायचं, झाकण किलकिलं ठेवायचं, औषधाचा वास उडू द्यायचा आणि मग ते माशांना द्यायचं. त्यात आपल्याकडे नळ एक दिवसाआड. म्हणजे साठवणीला टाक्या हव्यात, त्या एकमेकींना खालून जोडलेल्या हव्यात आणि मध्ये व्हॉल्व्ह हवेत. एका टाकीत ताजं पाणी पडत असताना दुसरीतलं मुरलेलं पाणी माशांना जातं. नाहीतर बादल्या उचलून उचलून कंबर जाते. मासेवाला ओळखायची माझी खूण तीच आहे, तो कंबरेवर हात ठेवून दार उघडतो.

सरांनी त्यांच्या मासेवाल्यांच्या ग्रुपवर माझं नाव टाकलं आणि माझं नशीब फिरलं. ह्या ग्रुपवरची माणसं लग्नाची पत्रिका उघडून बघणार नाहीत, पण कुणाच्या मुलखात चांगला टाकीवाला आहे म्हटलं की धावत येतात. त्यातूनच बाळासाहेबांचा फोन आला.

नावं मी बदलली आहेत. गाव कुरुळीच्या आसपासचं समजा. कारण पुढं कळेल.

बाळासाहेब गावचे जुने शेतकरी. जमीन बरीचशी कंपन्यांच्या शेडखाली गेली, आणि बाळासाहेब त्याच शेडमध्ये सुपरवायझर म्हणून कामाला गेले. शिफ्टवरून आले की थेट गोठ्यात. गोठ्यात आता जनावर नव्हतं. दावणीच्या जागी लोखंडी मांडण्या, मांडण्यांवर काचेच्या पेट्या. पेट्यांत बशीएवढे एंजल मासे आणि लाल रंगाचे, तांदळाएवढे झिंगे. हे खायचे झिंगे नव्हेत, नुसते बघायचे. बाळासाहेब त्यांची पैदास करत. शेकड्यानं झिंगे एका पेटीत शेवाळ खुडत बसलेले असायचे आणि बाळासाहेब त्यांच्यासमोर स्टुलावर. घरात पाव्हणे आले तरी उठायचे नाहीत.

हे सगळं खटकत होतं त्यांच्या वडिलांना. आप्पा पंचाहत्तरी ओलांडलेले, पण शिडी अशी चढायचे की मला लाज वाटावी. गावात ज्याच्या त्याच्या दारात कामगारांसाठी भाड्याच्या खोल्या उभ्या राहिल्या होत्या आणि आप्पांच्या गोठ्यात मासे. बाप-लेकात अबोला नव्हता, पण बोलणं तिसऱ्या माणसाकडून चालायचं. मी गेलो त्या दिवशी तिसरा माणूस मीच होतो.

"त्याला म्हनावं, दिवाळीपातुर मुदत दिलीया," आप्पा मला म्हणाले. बाळासाहेब चार हातांवर उभे. "तवर ह्यातनं काय निगालं तर ठीक. न्हाईतर गोठा पाडून खोल्या बांधायच्या. मिस्त्री मापं घिऊन गेलाय."

"मामा, आप्पांना सांगा, पाण्याची लाइन झाली की माझा निम्मा वेळ वाचतोय," बाळासाहेब म्हणाले. "मग बघा म्हणावं."

मी दोघांना काहीच सांगितलं नाही. दोघांनीही ऐकलं होतं.

काम असं होतं. गोठ्याला खेटून विहिरीच्या मोटारीची खोली, तिच्या स्लॅबवर हजार-हजार लिटरच्या तीन टाक्या. एक बुडापाशी चिरलेली. ती जोडायची, तिन्ही टाक्या खालून एका पाइपानं बांधायच्या आणि तिथून लाइन गोठ्यात आणून प्रत्येक पेटीवर एक छोटा नळ द्यायचा. मी पितळेचा व्हॉल्व्ह काढला तसे बाळासाहेब विंचू दिसल्यासारखे मागं सरले.

"मामा, पितळ नको. तांबं-पितळ काही नको. तांब्याचा अंश जरी पाण्यात उतरला तरी झिंगे संपले. सगळं प्लास्टिकचं घ्या."

हे बोलणं गोठ्यात झालं. आणि गोठ्यात आप्पा पाऊल ठेवत नसत. ते बाहेर कडुनिंबाखाली बाजेवर बसून वर चाललेले प्लास्टिकचे पाइप मोजत होते.

"सगळं पलास्टिक," मी शिडी चढताना ते म्हणाले. "पलास्टिकची टाकी, पलास्टिकचा नळ, वर त्यात शिळं पानी. जितराबाला कुनी शिळं पानी पाजतं व्हय? आमच्या म्हशीनं त्वांड लावलं नसतं."

"मासे आहेत आप्पा, म्हैस नाही."

"दावनीला बांधलं की जितराबच."

जोडकामात माझी एक सवय आहे. पाइपाच्या जोडाला जे चिकट द्रावण लावतात, आम्ही त्याला 'सोल्युशन' म्हणतो, ते मासेवाल्यांकडे मी पूर्ण दिवस वाळू देतो. मग टाक्या भरून एकदा सगळं पाणी झाडांना सोडून देतो आणि मगच पेटीचा नळ उघडतो. तिथंही तसंच केलं. शेवटी बाळासाहेबांनी पहिला नळ सोडला, पेटीत धार पडली, आणि तो मिशीवाला माणूस टाळ्या वाजवायला लागला. मीही वाजवल्या. आप्पांनी बाहेरून विचारलं, काय झालं म्हणून. पाणी आलं म्हणालो, तर म्हणाले, "पानी काय, हिरीलाबी येतंय."

आठवडा गेला असेल नसेल, बाळासाहेबांचा फोन. आवाज बसलेला. "मामा, तुमच्या सोल्युशननं घात केला हो."

मी गाडी काढली. गोठ्यात गेलो तर पेट्यांच्या तळाशी लाल झिंग्यांचा सडा. एंजलची पिल्लं गेलेली, मोठे मासे वर येऊन तोंड उघडझाप करत होते. माझ्या धंद्यात गळकी शिवण मी खूप पाहिली, पण आपल्या हातच्या लाइनीनं जीव जाताना पहिल्यांदा पाहिले.

"वाळायला पूर्ण दिवस दिला होता, बाळासाहेब."

"मला माहीत आहे. पण हे बघा." त्यांनी कोपऱ्यातली एक पेटी दाखवली. ती दूर होती म्हणून तिला मी नळ दिला नव्हता. तिला ते अजून अंगणातल्या पिंपातून बादलीनं पाणी घालत होते. तिच्यातले झिंगे मजेत शेवाळ खुडत होते. "गावचा नळ तोच, पाणी तेच. फक्त तुमच्या टाक्यांतून गेलं नाही."

जे काय होतं ते टाकी ते नळ ह्या माझ्या हद्दीतच होतं.

बाळासाहेब स्टुलावर बसले. चिडले असते तर बरं झालं असतं. "राहू द्या मामा," ते म्हणाले. "आता पुन्हा पैदास करून दिवाळी गाठता येत नाही. आप्पा पारावरून आले की सांगतो, बांधा तुमच्या खोल्या. मलाच वेड लागलं होतं." असं म्हणून त्यांनी पेटीतला दिवा बंद केला. तो दिवा बंद झालेला मला बघवला नाही.

"मला तासभर द्या," मी म्हटलं आणि वर चढलो.

प्रत्येक जोड हुंगला. वास नाही. पहिल्या दोन टाक्या बघितल्या, स्वच्छ. तिसरी, म्हणजे जिच्यातून पाणी खाली जातं ती, रिकामी करायला सोडली आणि झाकणातून बॅटरी मारली. पाणी ओसरलं तसं बुडाशी काहीतरी झळकलं. मी अंगानं बारीक आहे, म्हणून तर ह्या धंद्यात टिकलो. झाकणातून पाय सोडले आणि आत उतरलो.

तांब्याची कळशी होती. चिंच लावून घासलेली, लखलखीत. टाकीच्या मधोमध, देवापुढं ठेवावी तशी नीट उभी करून ठेवलेली. गळ्याशी ठिपक्याठिपक्यांनी नाव घातलेलं, आपल्याकडे लग्नातल्या भांड्यांवर घालतात तसं. नाव बाळासाहेबांच्या आईचं होतं. त्या माउली जाऊन काही वर्षं झाली होती, हे मला चहा पिताना कळलं होतं.

टाकीच्या आत बसून मी कपाळाला हात लावला. बाळासाहेब टाकीत तांबं जाऊ देणार नाहीत, आणि त्यांना सोडून शिडी चढून वर येईल असं त्या घरात एकच माणूस होतं. आणि गुण येतो म्हणून तांब्याच्या भांड्यातलं पाणी आपण सगळेच पितो. आप्पांना माशांचं पाणी प्लास्टिकमध्ये मुरतंय हे सहन झालं नव्हतं. ज्या माशांना ते दिवसभर नावं ठेवत होते, त्यांच्यासाठी ते घरातली सगळ्यात जपलेली वस्तू घासूनपुसून वर घेऊन आले होते, कुणाला न सांगता. आणि तिनंच सगळे झिंगे गेले होते.

मी सुटलो होतो. माझं सोल्युशन निर्दोष. आता फक्त कळशी हातात धरून खाली उतरायचं आणि बाळासाहेबांच्या पुढ्यात ठेवायची. पण डोळ्यांसमोर पुढचं सगळं महाभारत उभं राहिलं. खोल्या तर होतीलच, पण बाप-लेकात तिसऱ्या माणसाकडूनसुद्धा बोलणं उरणार नाही. मी ठरवलं, कळशी गुपचूप पिशवीत घालायची, जाताना स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवून द्यायची आणि बाळासाहेबांना सांगायचं की टाकी धुतली, आता पुन्हा करून बघा. पंच्यात गुंडाळून कळशी पिशवीत कोंबली. अर्धी बाहेरच राहिली. हत्यारांच्या पिशवीत कळशी मावत नाही, हे अनुभवाचे बोल आहेत.

शिडीच्या मध्यावर आलो आणि कळशी लोखंडी पायरीवर आपटली. असा टणत्कार झाला की कडुनिंबावरचे कावळे उडाले. खाली आप्पा उभे होते, पारावरून नुकतेच आलेले.

"चोर!" आप्पा ओरडले. "आरं बाळ्या, चोर! माज्या मालकिनीची कळशी घिऊन चाललाय!"

बाळासाहेब गोठ्यातून धावत आले. मी शिडीवर, पिशवी खांद्याला, पंचा सुटलेला, कळशीवरचं नाव उन्हात वाचता येईल असं. चोर म्हणून मला कुणीही पकडलं असतं.

"मामा, ही तुमच्याकडं कशी?" बाळासाहेब म्हणाले.

मी खाली उतरलो आणि गप्प बसलो. आयुष्यात एवढा गप्प मी बायकोपुढंही बसलेलो नाही.

"आहो बोला की. कळशी घरात होती. तुम्ही घरात पाऊल ठेवलं नाही. मग आली कुठनं?"

कळशीतून पाणी गळत होतं, माझ्या पायावर. आप्पांचं तिकडं लक्ष गेलं. त्यांनी टाकीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मी जमिनीकडं बघितलं. त्यांना कळलं की मला कळलंय. मी चोर ठरत होतो आणि तोंड उघडत नव्हतो, हे त्यांच्यासारख्या माणसाला पेलणारं नव्हतं.

"सोड त्याला," आप्पा म्हणाले. "मीच ठिवली व्हती टाकीत."

"टाकीत? कशापायी?"

आप्पा बाजेवर बसले. पहिल्यांदा लेकाशी सरळ बोलायला लागले. "तुजी आय म्हस व्यायच्या वक्ताला तिला ह्याच कळशीनं पानी पाजायची. एक रेडकू गेलं न्हाई तिच्या हातचं. तुज्या त्या किड्यांस्नी आपलं पलास्टिकचं, शिळं... मला बघवंना. म्हनलं, आयचा हात लागू दे." मग बारीक आवाजात विचारलं, "त्यानं काय झालं का रं?"

तांब्याचा अंश जरी उतरला तरी झिंगे संपले, हे मला ज्यानं शिकवलं तोच समोर उभा होता. बाळासाहेबांनी कळशी हातात घेतली. आईच्या नावावरून अंगठा फिरवला. डोळे भरून आले होते. मी आजवर पुष्कळ गिऱ्हाइकांची तोंडं वाचली आहेत, पण त्या क्षणी हा माणूस काय बोलेल हे मला सांगता आलं नसतं.

"नाही आप्पा," ते म्हणाले. "तांब्यानं कधी काय होतंय का? मामांचं सोल्युशन ओलं राहिलं होतं. त्यानं झालं."

आणि माझ्याकडं बघितलं.

तोवर मी चोर होतो, आता खुनी झालो. पण बाळासाहेबांची ती नजर बघून कुणाचीही मान हलली असती. "हो आप्पा," मी म्हटलं. "माझी जरा घाईच झाली."

"घाई?" आप्पा ताडकन उठले. "मुक्या जिवाचं काम आन् तुमी घाई करता?" पुढचा बराच वेळ मी जे ऐकलं ते दिवाळी अंकात छापता येणार नाही. बोलून झाल्यावर ते लेकाकडं वळले. "काय राह्यलंय का त्यातलं?"

"एक पेटी आहे. कोपऱ्यातली."

"दाव."

आप्पा गोठ्यात शिरले. झिंग्यांच्या पेटीशी वाकले आणि वाकलेलेच राहिले. बाळासाहेबांनी हळूच दिवा लावला. "आईची कळशी घरातच ठेवू आप्पा," ते म्हणाले, "टाकीत चेपली-बिपली तर? पाण्याचं मात्र तुम्ही बघा. झाकण कधी उघडायचं, कधी लावायचं, मला शिफ्टमुळं जमत नाही." आप्पा हो म्हणाले नाहीत. त्यांनी स्टूल ओढून घेतलं.

दिवाळी आली आणि गेली. खोल्या झाल्या नाहीत. मिस्त्री विचारायला आला तेव्हा आप्पांनी जागा रिकामी नाही म्हणून त्याला वाटेला लावलं. त्या एका पेटीतून पुन्हा सगळ्या पेट्या लाल झाल्या.

माझं मात्र गावभर झालं. बाळासाहेबांनी ग्रुपवर एक अक्षर टाकलं नाही, पण आप्पांनी पारावर सांगितलं, आणि पारावरची बातमी ग्रुपपेक्षा लांब जाते. चाकणच्या बाजूला नवीन गिऱ्हाईक फोन करतं ते आधी विचारतं, "सोल्युशन नीट वाळवता ना, मामा?" मला राग येतो. आतून उकळतो मी. एवढ्या वर्षांत माझा एक जोड ओला राहिलेला नाही, हे मला कुणाच्या तरी अंगावर ओरडून सांगायचं असतं. ते इथं सांगून घेतलं. आप्पा पारावरच्या बातमीशिवाय काही वाचत नाहीत, आणि बाळासाहेबांना विचारूनच हे लिहिलंय.

परवा एका टाकीचा वायसर बदलायला तिकडं गेलो होतो. आप्पा गोठ्यातून बाहेर आले, कंबरेवर हात ठेवून. शिडीला टेकून उभे राहिले आणि माझं काम संपेपर्यंत हलले नाहीत. खाली उतरलो तर वर जाऊन जोड हुंगून आले.

"उंद्यापातुर पानी सोडायचं न्हाई," ते म्हणाले. "मागं तुमच्यापायी माज्या पोराची समदी जितराबं गेली."

बाळासाहेब दारात उभे राहून आभाळ बघत होते.

"चुकलं आप्पा," मी म्हटलं.

"चुकतं मानसाचं," आप्पा म्हणाले. "पर तुमी तोंडावर कबूल केलंत, म्हून दारात उभं करतोय. न्हाईतर दुसऱ्याचा दोष कोन आपल्या अंगावर घेतंय आजकाल, आपला सुदिक घेत न्हाईत."

मी म्हटलं, "उपकार आहेत, आप्पा."